पहिलं पाऊल आईनंच बघायचं

आमच्या वन्सं खोटं बोलायच्या. चांगल्या सराईतपणे, गालावर हात ठेवून, डोळे मोठे करून बोलायच्या. बाकी त्यांच्या कशातच कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की नणंद होती म्हणून हिनं झाकून नेलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न झालं होतं त्यांचं, पण नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि सासरच्यांनी गोड शब्दांत बॅग भरून हातात दिली. मी तेव्हा या घरात नवी होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोरी, आणि त्यात ही माझ्याहून वीतभर उंच, मोजकं बोलणारी नणंद. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, संपलं, आता जन्मभर हिची नजर माझ्या पातेल्यात. पण बाईनं कधी माझ्या पातेल्यात डोकावून पाहिलं नाही. सकाळी बटणांच्या कारखान्यात जायच्या, संध्याकाळी येऊन नखांत अडकलेला रंग घासत बसायच्या. आमच्यात भांडण असं झालंच नाही कधी. मी भांडायचे, त्या ऐकून घ्यायच्या, आणि समोरचा माणूस ऐकूनच घेत असला की भांडणात काही राम राहत नाही.

कारखान्याला टाळं लागलं त्याच सुमारास वरच्या मजल्यावरची बँकेतली बाई एका सकाळी तान्ह्या मुलीला घेऊन जिन्यात रडत बसली होती. रजा संपली होती, मुलीला सांभाळणारी येते म्हणून आली नव्हती. वन्सं जिना झाडत होत्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, हात धुतले आणि मुलगी उचलून घेतली. जा तू, म्हणाल्या, संध्याकाळी घेऊन जा. झालं, तिथून सुरू झालं. एकीचं बघून दुसरी आली, दुसरीचं बघून तिसरी. पुढच्या खोलीतला आमचा पलंग गेला, तिथे सतरंज्या आल्या. भिंतीला ओळीनं खिळे ठोकले, एका खिळ्याला एका मुलाची पिशवी. दारात तळहाताएवढ्या चपला-बुटांची रांग, आणि घरात कायम दुधाचा, पावडरीचा आणि मुताचा वास. मी पहिल्यांदा नाक मुरडलं, मग मीच दुपटी धुवायला लागले. सांगते कुणाला. माझी मुलगी त्यांना आत्या म्हणायची, म्हणून सगळी मुलं आत्या म्हणायला लागली, मग त्यांच्या आया, मग दूधवाला, आणि शेवटी तर समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे म्हातारे मालकही, जे वन्संपेक्षा चांगले मोठे होते.

आता त्या खोट्याचं. बँकेतल्या बाईची मुलगी आमच्याकडेच पहिल्यांदा चालली. भर दुपारी, सतरंजीवरून थेट मोरीच्या उंबऱ्यापर्यंत. वन्संना आनंद मावेना. संध्याकाळी बाई दारात आली तशी तिची पर्स खांद्यावरून उतरायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. आणि त्या बाईचा चेहरा असा उतरला म्हणता, जसं काही आम्ही तिला कुणी गेल्याची बातमी दिली. खालच्या पायरीवर मटकन बसली. म्हणाली, तेव्हा मी कागदांवर शिक्के मारत होते. एवढंच बोलली, मुलीला घेऊन वर गेली. वन्सं त्या दिवशी जेवल्या नाहीत. आणि त्यांनी कानाला खडा लावला. ज्या मुलाचं जे काही पहिलं असेल, पहिला दात, पहिला शब्द, पहिलं पाऊल, ते आमच्या घरात घडलं तरी घडलंच नाही असं धरायचं. ते आईनं आपल्या घरी बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला येऊन सांगायचं.

आणि हे त्यांनी असं काही चालवलं की काय सांगू. एखादं पोर चालायला लागलं की संध्याकाळी त्याच्या आईला म्हणायच्या, आज घरी गेलीस ना, की याला कपाटाला धरून उभा कर आणि तू जरा लांब बस, पाय शिवशिवतायत याचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई धापा टाकत दारात, आत्या, काल चालला. मग वन्संचा हात गालावर. काय सांगतेस, खरंच का गं, आणि किती पडला, आणि तू काय केलंस. सगळं विचारून घ्यायच्या. मी स्वयंपाकघरात तोंडात बोळा कोंबून उभी, कारण ते पोर आदल्या चार दिवसांपासून माझ्या पायात पायात करत होतं. बेल वाजली की चालतं पोर झटकन उचलून कडेवर घ्यायच्या, आईनं दारातच बघायला नको म्हणून. आया म्हणायच्या, आत्या किती हो लाडावता, सारखं कडेवर. वन्सं म्हणायच्या, सवय लागलीय मेली.

मी एकदा म्हटलं होतं, वन्सं, हे अंगाशी येईल हं कधीतरी. त्या म्हणाल्या, दिवसभर पोरापासून लांब राहते ती, एवढं तरी तिचं असू दे. 

गब्बू आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम मान धरायला लागला होता. नाव वेगळं होतं, पण मांड्यांना अशा वळ्या की पावडर लावताना बोट आत जायचं, म्हणून गब्बू. बाप लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, कधी कुठल्या इमारतीच्या गच्चीवर असेल त्याचा नेम नाही. आई चौकातल्या मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर. दिवसभर उभी असायची, पोटऱ्या सुजलेल्या, पण संध्याकाळी गब्बू दिसला की पळत यायची. उशिरा झालेला मुलगा. आधीची दोन राहिली नव्हती. त्यामुळे याचं सगळं तिला हवं होतं. दात आला तेव्हा तिनं चमच्यानं वाजवून वाजवून आम्हाला आवाज ऐकवला. दात आम्ही आदल्या दिवशीच पाहिला होता, पण वन्संचा हात होताच गालावर. जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायची, खाल्लं का, झोपला का, आणि शेवटी हळूच, उभा राहिला का?

ते साल आमच्या गल्लीला मोठं वाईट गेलं. नवीन ड्रेनेज टाकायचं म्हणून रस्ता खणून ठेवला होता, दारासमोर कमरेएवढा खड्डा आणि त्यावर एक फळी. वॉर्डातले लोक येऊन बघून जायचे आणि खड्डा तसाच. मी त्यातल्या दोघातिघांशी चांगली हुज्जत घातली होती. त्यात माझ्या मुलीचे दिवस भरले, म्हणून मी तिच्या गावी तिच्या मदतीला गेले. इकडे वन्सं एकट्या आणि पाच-सहा पोरं. आमचे हे होते म्हणा घरात, पण त्यांचा उपयोग वर्तमानपत्र धरण्यापुरता.

मी तिकडे असताना गब्बू चालला.

हे मला आल्या आल्या कळलं नाही. मी आले तेव्हा तो खोलीच्या मध्यावर बसून डब्याचं झाकण फिरवत होता. मी सहज म्हटलं, हा ठोंब्या अजून बसलेलाच का? वन्सं पिशव्या खिळ्यांना अडकवत राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग दोन-तीन दिवसांनी मागच्या बाजूला दुपटी वाळत घालताना त्या एकदम म्हणाल्या, चालत होता गं. चांगला चालत होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी गेल्यावर लवकरच त्यानं पाऊल टाकलं होतं, आणि पुढचे काही दिवस घरभर हिंडत होता. नेमाप्रमाणे वन्संनी त्याच्या आईला सांगितलं, घरी गेलीस की याला उभा कर, पाय शिवशिवतायत. ती बिचारी रोज संध्याकाळी दमून भागून घरी जायची, त्याला पलंगाला धरून उभा करायची आणि हातात मोबाईल धरून समोर बसायची. आणि तो खाली बसून घ्यायचा, हात वर करायचा, मला घे म्हणून. वन्संना वाटलं, दिवसभर हिंडून दमत असेल, येईल उद्या. मग एके दिवशी तो दाराजवळ आपटला. फार लागलं नाही, पण त्या दिवसापासून उभा राहिना. वन्संना वाटलं, भ्यायला. पोरं भितात तशी, पडलं की आठ-दहा दिवस रांगतात, मग पुन्हा उठतात. त्यांनी अशी कितीतरी पाहिली होती. पण गब्बू रांगतानाही पाय ओढायला लागला होता.

 मी म्हटलं, आजच्या आज सांगा. वन्सं म्हणाल्या, सांगते, पण एकदा उठू दे त्याला. आत्ता सांगितलं तर तिला काय मिळेल? पोर चाललं तेव्हा ती नव्हती, आणि आता ती बघायला बसलीय तर ते चालत नाही. एकदा उठू दे, मग मी सगळं सांगते. दुपारी बाकीची पोरं झोपली की त्या गब्बूला काखेत धरून उभा करायच्या, लाडीगोडी लावायच्या, पुढे खेळणं धरायच्या. पायांना तेल चोळत बसायच्या. मी बघायचे आणि मला राग यायचा, त्यांचा आणि त्या पायांचा आणि कुणाचा कुणास ठाऊक.

तेवढ्यात गब्बूच्या आईनं स्वतःच त्याला आमच्या चौकातल्या डॉक्टरकडे नेलं. तिची सासू फोनवरून सारखी टोचत होती, अमकीचा नातू धावतो, तमकीचा पळतो. डॉक्टरनं विचारलं, कधी चालत होता का? ती म्हणाली, नाही, अजून एकदाही नाही. मग डॉक्टर म्हणाला, अंगानं भारी मुलं उशिरा चालतात, थोडे दिवस वाट बघू. त्याचं तरी काय चुकलं? त्याला जे सांगितलं त्यावरच तो बोलणार. ती आमच्या दारात उभी राहून हे सगळं हसत सांगत होती, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी. वन्संनी तोंड उघडलं. मी पाहिलं, त्या सांगणारच होत्या. आणि तीच म्हणाली, काळजी नाही आत्या, पहिलं पाऊल माझ्याच समोर टाकायचं ठरवलंय त्यानं, म्हणून थांबलाय.

वन्संचं तोंड मिटलं ते मिटलं. ती गेल्यावर मी आकांडतांडव केलं. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते, म्हटलं. त्या म्हणाल्या, मीच सांगणार, उद्या सकाळी. उद्या सकाळी तिला उशीर झाला होता, तिनं फळीवरूनच मुलगा माझ्या हातात दिला आणि पळाली. संध्याकाळी न्यायला बाप आला, त्याच्या कानाला फोन. परवा आणखी काही. सांगायचं एकदा राहिलं की रोज जास्त जड होत जातं, आणि वन्सं तर आयुष्यभर न सांगण्याचीच सवय केलेली बाई.

मग ती दुपार. पोरं खेळत होती. चष्मेवाल्यांची नात अंगानं चांगली दणकट, ती मागे सरता सरता गब्बूच्या पावलावर सगळा भार टाकून उभी राहिली, नव्या म्हणून पायातून न काढलेल्या सॅंडलसकट. मी ओरडले. गब्बू रडला नाही. त्यानं पायाकडे पाहिलंसुद्धा नाही, झाकण फिरवत राहिला. त्याचा अंगठा लालभडक झाला होता. वन्संनी तो अंगठा चिमटला, जोरात चिमटला, आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसला.

वन्सं उठल्या. पोराला कडेवर घेतलं आणि घरातल्या सपातांवरच निघाल्या. मी यांच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं, बाकीची पोरं यांच्यापुढे सोडली आणि मागे धावले. फळीवरून त्या कशा गेल्या देव जाणे, मला तर खाली बघवेना. भर उन्हात चौकापर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत. दुकानात गारवा, झगमगाट, काउंटरपुढे सामानाच्या गाड्या घेऊन माणसं उभी. कुणीतरी म्हणालं, अहो, लाइनीत या. वन्सं थेट गब्बूच्या आईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या हातात तेलाची पिशवी होती. ती घाबरली, आधी गब्बूकडे पाहिलं, तो तिला बघून खुशीत आला होता.

"हा चालत होता," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडे चालत होता. आता पाय जातायत त्याचे. चालला नव्हता असं नाही, चालायचा थांबलाय. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरला हे सांग."

तिला आधी काही कळलंच नाही. तिनं विचारलं, कधी? वन्संनी सांगितलं. ती म्हणाली, मी रोज विचारत होते तुम्हाला.

"मी सांगत नाही," वन्सं म्हणाल्या. "मी कुणालाच सांगत नाही."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, काउंटरच्या बाहेर आली आणि वन्संच्या कडेवरून मुलगा ओढून घेतला.  तशीच, दुकानाचा कोट अंगात असताना, रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात केला.

पाठीच्या कण्यात गाठ होती. ती वाढत होती आणि आतल्या नसा दाबत होती. मोठ्या दवाखान्यात त्यांनी लगेच ऑपरेशन केलं, गाठ काढली, मुलगा वाचला. पायांचं मात्र डॉक्टर काही बोलेनात. वाट बघा, म्हणाले. बापानं विचारलं, आधी आणला असता तर? डॉक्टर खोटं बोलणारा नव्हता. कदाचित फरक पडला असता, म्हणाला, कदाचित नसताही. आता हा एक शब्द घेऊन माणसानं जगायचं कसं, ते कुठला डॉक्टर सांगतो?

वन्सं दवाखान्यात जायच्या. डबा घेऊन जायच्या, वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसायच्या, आणि डबा तसाच परत आणायच्या. मी म्हणायचे, कशाला जाता अपमान करून घ्यायला? त्या म्हणायच्या, पाय हलले का ते कळेल. एकदा बाप बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, आत्या, तुम्ही येऊ नका, तुम्ही दिसलात की तिचा तोल जातो. त्यानंतर त्या गेल्या नाहीत. पण रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून वरच्या बँकेतल्या बाईला विचारायच्या, काही कळलं का? तिची बहीण त्या दवाखान्यात नर्स होती. ती मान हलवायची. पाय हलले नाहीत. पुढे पुढे तिनं मान हलवणंही सोडलं, नुसती खांद्यावर हात ठेवून वर जायची.

गब्बूची आई एकदाच आली, खिळ्यावरची पिशवी न्यायला. पिशवी काढली, माझ्याकडे न बघता गेली. पण जिन्यात तिला चष्मेवाल्यांची सून भेटली, आणि जे व्हायचं ते झालं. सून आत आली. तिच्या घरी दर्शनी भिंतीवर मोठा फोटो आहे, मुलगी हात पसरून चालतेय, खाली सोनेरी अक्षरांत 'पहिलं पाऊल'. तिनं सरळ विचारलं, आत्या, हिचं पाऊल माझ्यासमोरच पडलं ना?

अहो, एवढी वर्षं ज्या बाईनं गालावर हात ठेवून बेमालूम थाप मारली, तिला त्या दिवशी एक हो म्हणता येईना. मी मागून डोळ्यांनी खुणावत होते, म्हणा हो, म्हणा. वन्सं खाली बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून खिळे रिकामे व्हायला लागले. कुणी सांगितलं पोराला शाळेतच पाळणाघर मिळालं, कुणी सांगितलं गावाहून आजी आली. ज्यांची पोरं आता मिसरूड फुटून कॉलेजात जातात त्यांच्या आयासुद्धा विचारायला आल्या, आणि आपल्या घरच्या आठवणी कुणी हिरावून घेतल्यासारख्या परत गेल्या. माझं डोकं फिरलं. मी जिन्यात उभी राहून सुनेला चांगली धुतली. तुझ्या मुलीचा ताप कुणी उतरवला, तिची शी-शू कुणी काढली, तेव्हा कुठे गेला होता तुझा फोटो, असं वाट्टेल ते बोलले. वन्संनी मला दंडाला धरून आत आणलं. म्हणाल्या, तिचं बरोबर आहे. तिचं होतं ते, आणि मी तिला उष्टं दिलं.

यावर मी रडले. त्या नाही रडल्या.

पुढची खोली ओस पडली. मी म्हटलं, पलंग परत आणू, यांची कंबर धरते खाली झोपून. वन्सं म्हणाल्या, बऱ्या आहेत सतरंज्या. दिवसभर तिथे बसायच्या, भिंतीच्या कपाटाला टेकून. गुडघे गेले होते त्यांचे, इतकी वर्षं पोरं उचलून उचलून, पण पोरं होती तोवर ते कुणाला कळलं नव्हतं. आता बसल्या जागेवरून उठायला भिंत लागायची. मी चहा नेऊन द्यायचे, तो गार व्हायचा. 

पाय आले नाहीत. पावसाळा सरला, थंडी सरली, रस्ता बुजवून झाला, आणि डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवून सांगितलं की आता आहे हे असंच राहील, याला असंच जगायला शिकवा.

त्यानंतर एका दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर गब्बूची आई. गब्बू कडेवर, केवढा तरी मोठा झालेला, खाली लोंबणारे पाय बारीक काठीसारखे. मी वाटेतून बाजूला झाले. वन्सं उठायला गेल्या तर तिनं हातानंच बसा म्हटलं. गब्बूला सतरंजीवर ठेवलं, स्वतः त्याच्याजवळ बसली. त्याचे पाय हातानं सरळ करून ठेवले. मग म्हणाली,

"मी भांडायला आले नाही, आणि माफ करायलाही आले नाही, ते मला जमणार नाही. पण माझा मुलगा चालला होता. मी पाहिलं नाही, त्याच्या बापानं पाहिलं नाही. आता तो चालणार नाही म्हणतात. सगळ्या जगात तुम्हीच एकट्यांनी पाहिलंय. मला सांगा, कसा चालला?"

वन्संनी सांगायला सुरुवात केली. खिडकीपासून निघाला, म्हणाल्या, पडदा धरला होता, तो सोडला, आणि… पुढे त्यांना बोलता येईना.  मला वाटलं आता या कोसळणार, म्हणून मी पुढे झाले. पण त्या भिंतीला हात लावून उठल्या, खिडकीपाशी गेल्या, आणि चालून दाखवायला लागल्या.

ती उंच, वाकलेली, केस पांढरे झालेली बाई पोट पुढे काढून, दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर उचलून, बोटं फाकून चालत होती. डावं पाऊल आधी, मग थांबून डोलणं, मग उजवं, टाच न टेकवता. मध्येच एकदा मागे पडते की काय असं, आणि सावरून खुदकन हसणं. गुडघे कळवळत असणार, तोंडावर दिसत होतं, तरी हसणं जसंच्या तसं होतं. आणि मला, जिनं ते पाहिलं नव्हतं, मलाही त्यात तो दिसला. तो आमचा गब्बूच होता. सतरंजीवर बसलेल्या गब्बूला ही मोठीच गंमत वाटली, तो हात आपटून हसायला लागला.

त्याच्या आईनं पापणी लववली नाही. वन्सं कपाटापर्यंत आल्या आणि धापा टाकत उभ्या राहिल्या.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?" तिनं विचारलं.

"इथे. कपाटाला टेकून बसले होते."

"तुमच्याकडे येत होता?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडे."

ती उठली. कपाटापाशी आली, वन्संना हलकेच बाजूला केलं आणि त्यांच्या जागेवर, कपाटाला पाठ टेकून खाली बसली. डोळे पुसले, नीट बघता यावं म्हणून. मग दोन्ही हात पसरले.

"आता पुन्हा या," ती म्हणाली.

वन्सं भिंत धरून धरून खिडकीपाशी गेल्या, पडदा धरला, सोडला, आणि तिच्याकडे चालत आल्या.